मुलगा गुणी आहे, असं कळतं

महाराष्ट्रात सोळा वर्षांचं असणं हे मोठं अवघड काम आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा परंपरेनं त्यांचं वय पंधरा-सोळाचं धरलं जातं. शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला तोही सोळाव्या वर्षी, असं आपण शाळेत शिकलो. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं सोळा वर्षांच्या पोरांना जरा उसंत मिळाली. तेवढ्यात 15 नोव्हेंबर 1989 रोजी सचिन तेंडुलकर कराचीत कसोटी खेळायला उतरला. वय सोळा. त्या दिवसापासून मराठी घरात या वयात नुसतं सोफ्यावर पडून राहणं हा जवळजवळ दखलपात्र गुन्हा झाला.

‘तुझ्या वयाचे असताना ते...’ एवढं कानावर पडलं की पुढे कोणाचं नाव येणार, हे पोरांना आधीच कळतं. परीक्षा तोंडावर असेल तर ज्ञानेश्वर, पहाटे उठवायचं असेल तर महाराज आणि हातात मोबाइल असेल तर सचिन. 2025 च्या एप्रिलमध्ये बिहारच्या समस्तीपूरकडच्या वैभव सूर्यवंशीनं आयपीएलमध्ये 35 चेंडूंत शतक ठोकलं, आणि तो होता चौदाच वर्षांचा. त्यामुळे आता आठवी-नववीतल्यांचीही सुटका नाही. या सगळ्या थोर मुलांना त्यांच्या घरच्यांनी ‘शेजारच्याकडे बघ जरा’ असं सुनावल्याचा उल्लेख मात्र कोणत्याही बखरीत सापडत नाही.

आता ज्यांच्या घरी यांपैकी कोणीच जन्माला आलेलं नाही, त्यांनी अभिमान कशाचा बाळगायचा? अशी घरं बहुसंख्य आहेत आणि अभिमान तिथेही असतो. फक्त तो घरात तयार होत नाही. तो बाहेरून येतो, बहुधा जिन्यातून, आणि दुसऱ्याच्या तोंडून.

डोंबिवलीतल्या एका आईचं उदाहरण घेऊ. मुलगे दोन, थोरला सतरा वर्षांचा, धाकटा चौदा. इमारत तीन मजली, जुनी, लिफ्ट नसलेली, म्हणजे डोंबिवलीची म्हणून लगेच ओळखू येईल अशी. एके संध्याकाळी ही आई भाजीच्या पिशव्या घेऊन वर चढत असताना तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तिला गाठलं.

‘अगं, तुझ्या थोरल्यानं काल सिलिंडर वर आणून दिला हो. मी म्हटलं राहू दे बाळा, तर म्हणतो कसा, आजी तुम्ही फक्त बाजूला व्हा.’

‘कोण? आमचा?’

‘तुझाच. आणि पाणी विचारलं तर नको म्हणाला. फार गुणी आहे गं पोर.’

घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅसच 14.2 किलो असतो. टाकीसकट वजन तीस किलोच्या आसपास जातं. तो ऐवज खांद्यावर घेऊन जिने चढणाऱ्या या भीमाला त्याच दिवशी सकाळी पलंगावरचा ओला टॉवेल उचलवला नव्हता. ‘पाच मिनिटांत उचलतो’ हे त्याचं उत्तर होतं, आणि ती पाच मिनिटं अजून चालू होती. आजींसमोर आईची छाती अभिमानानं फुलली हे खरं, पण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या अभिमानात टॉवेल मिसळला होता.

मुलगा घरी आल्यावर तिनं विषय काढला. ‘आजी सांगत होत्या.’ त्यावर तो म्हणाला, ‘त्यात काय.’ आणि खोलीत गेला. अनुभवी आया इथे थांबतात. नवख्या असतात त्या आणखी कौतुक करतात, फॅमिली ग्रुपवर टाकतात, आत्याला फोन लावतात. आणि मग तो मुलगा पुन्हा कधी कोणाचा सिलिंडर उचलत नाही. या वयातला चांगुलपणा चव्हाट्यावर आला की लाजतो. तो चोरूनच करायचा असतो, जशा पूर्वीच्या पिढ्या सिगारेटी चोरून ओढत.

शाळेतल्या पालकसभेचंही तसंच. धाकट्याच्या वर्गशिक्षिकांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं, ‘वर्गात सारखा बोलत असतो हो. मागच्या बाकावरून काहीतरी विनोद करतो आणि सगळा वर्ग हसतो.’ बाकीच्या पालकांनी सहानुभूतीनं आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी यायचं बाकी होतं. बोलतो! पूर्ण वाक्यं! घरातला संवाद कित्येक महिने ‘जेवलास?’ ‘हं.’ ‘पेपर कसा गेला?’ ‘ठीक.’ असा चालला होता. मोबाइलवर तर तिच्या चार ओळींच्या निरोपाला नुसतं ‘के’ असं उत्तर येई. ‘ओके’मधला ‘ओ’ही त्याला जड झाला होता. आपला मुलगा विनोदी आहे ही बातमी तिला शाळेच्या तक्रारीतून मिळाली. तिला एकच विचारायचं होतं, काय विनोद करतो? पण शिक्षिका गणिताकडे वळल्या आणि गणितात विनोद करण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते उत्तरपत्रिकेत.

अभिमानाच्या या ऐकीव व्यवहारात आपण एकट्या नाही, हे अशा आयांनी ध्यानात घ्यावं. रजनी तेंडुलकर यांनी आपल्या मुलाला मैदानात बसून खेळताना पहिल्यांदा पाहिलं ते नोव्हेंबर 2013 मध्ये, वानखेडेवर. ती त्याची 200 वी कसोटी होती आणि शेवटची. आईला बघता यावं म्हणून हा सामना मुंबईत ठेवा, अशी विनंती त्यानंच क्रिकेट मंडळाला केली होती. ज्याचा खेळ बघायला साऱ्या देशानं चोवीस वर्षं कामं टाकली, त्याच्या आईच्या वाट्याला तो मैदानावरून आला तो अगदी अखेरीला. तेव्हा सिलिंडरची गोष्ट एका दिवसात कानावर आली तर ती पुष्कळच लवकर आली म्हणायची.

खाण्यापिण्याच्या बाबतीत पोरांचा घरी एक, बाहेर एक हा दुटप्पीपणा सगळ्यात उघडा पडतो. आधी आकडे पाहू, म्हणजे आयांच्या तक्रारीला शास्त्राचा आधार मिळेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे 16 ते 18 वर्षांच्या मुलाला दिवसाला 3320 किलोकॅलरी लागतात. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला 2110 पुरतात. अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या पुरुषासाठी आकडा आहे 3470. म्हणजे सोफ्यावर आडव्या पडलेल्या पोराचा शिधा दगड फोडणाऱ्या माणसापेक्षा जेमतेम दीड पोळीनं कमी. डोंबिवलीच्या या घरात ही दीड पोळीही तो सोडत नसे. दिवाळीचा फराळ पूर्वी आई सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. मग मुलं वाढली. ती उंची आता फक्त आईला अडते. तिलाच चकली हवी असली तर धाकट्याला हाक मारावी लागते आणि त्याबद्दल तो कर वसूल करतो.

एवढं खाणारा थोरला शेपूची भाजी मात्र ताटाच्या जवळपासही येऊ देत नाही. वासानंच डोकं दुखतं म्हणतो. अशात एका रात्री त्याच्या मित्राच्या आईचा फोन आला.

‘तुमचा मुलगा आज आमच्याकडे जेवला. घरात फक्त शेपूच होता हो, मलाच कसंतरी वाटलं. पण दोनदा मागून घेतला. आणि जेवण झाल्यावर ताट घासूनसुद्धा ठेवलं.’

‘आमच्यानं?’

‘हो ना. आमच्याला जरा शिकवा म्हणावं त्याला.’

गंमत पुढेच आहे. ज्याला शिकवायचं होतं तो ‘आमचा’ गेल्याच आठवड्यात या घरी आला होता. त्यानं कारल्याची भाजी मिटक्या मारत खाल्ली होती, ओटा पुसला होता आणि निघताना ‘काकू, येतो’ म्हणून वाकून नमस्कार केला होता. दोन्ही आयांनी फोनवर परस्परांच्या मुलांचे गुण एकमेकींना पोचते केले, दोघींनाही आपापल्या मुलाचा अभिमान वाटला आणि दोघींनाही आपापल्या घरात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. कायमची अदलाबदल करून पाहावी, असा विचार दोघींच्याही मनात येऊन गेला. पण नव्या घरी आठवडाभरात ओले टॉवेल पलंगावर दिसू लागतील, हे कळण्याइतक्या त्या शहाण्या आहेत.

आवाज फुटला की आणखी एक गंमत होते. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, काही महिने घरात घोगरा कावळा वावरतो आणि एक दिवस त्या गळ्यातून थेट बापाचा आवाज निघतो. नाशिकच्या मावशीनं एकदा घरच्या फोनवर असाच आवाज ऐकला आणि ती ‘भाऊजी’ म्हणून सुरू झाली. तिच्या सासूचं दुखणं, फ्लॅटचा हप्ता, नणंदेचं वागणं, सगळं सांगून झालं. थोरला अधूनमधून ‘हं’ म्हणत राहिला. बाबाही फोनवर एवढंच म्हणतात, त्यामुळे मावशीला शंका यायचं कारण नव्हतं. रात्री तिनं बहिणीला वेगळा फोन केला आणि म्हणाली, ‘आज भाऊजींनी किती शांतपणे ऐकून घेतलं गं. मधे एकदासुद्धा टीव्हीचा आवाज आला नाही.’ बाबा त्या वेळी ठाण्याच्या पुढे लोकलमध्ये लटकत होते. मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘ती रडत होती. मधेच कसं सांगायचं, मी आहे म्हणून?’

हे उत्तर ऐकून आई स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच कढईत डाव फिरवत उभी राहिली. कढईत काही नव्हतं.

सगळेच अभिमान टिकतात असं नाही; काही सकाळी येतात आणि दुपारपर्यंत उतरतात. एरवी या दोघांना उठवणं म्हणजे घरातला रोजचा जंगी कार्यक्रम. त्यांचीही बाजू आहे. पौगंडावस्थेत झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे अकरा वाजता त्यांना टक्क जाग असते आणि सकाळी सातला मध्यरात्र. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 मध्ये या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं आणि कॅलिफोर्नियानं 2022 पासून हायस्कुलांना तसा कायदाच लावला. आपल्या सरकारनंही 2024 मध्ये शाळा सकाळी नऊच्या आधी नको असा आदेश काढला, पण चौथीपर्यंत. म्हणजे जी मुलं सहाला स्वतःहून उठून आईबापाच्या पोटावर उड्या मारतात, त्यांना सवलत. ज्यांना उठवायला पंखा बंद करावा लागतो, ती सातच्या वर्गाला.

असं असताना नरकचतुर्दशीच्या पहाटे थोरला गजर न लावता उठला. उटणं लावून आंघोळ केली. इस्त्रीचा कुर्ता घातला. गणपतीच्या देवळात जाऊन येतो म्हणाला. आईनं देवाला हात जोडले: संस्कार कुठेतरी रुजलेच. शेजारच्या काकूंनाही तिनं ते ऐकवलं. काकूंनी फक्त विचारलं, ‘फडके रोडला गेलाय ना?’ ज्यांना डोंबिवली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं की गणेश मंदिराच्या दारातून सुरू होणाऱ्या या रस्त्यावर दिवाळीच्या पहाटे साऱ्या गावाची तरुण मुलं-मुली नटूनथटून जमतात. देवदर्शन होतं, नाही असं नाही. पण गर्दी देवळाच्या आत कमी आणि बाहेर जास्त असते. मेलाटोनिनचा त्या दिवशी कोणालाच त्रास होत नाही.

आता जरा मोठ्या आकड्यांकडे वळू. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या. 323 चेंडू, 129 चौकार, 59 षटकार. पहिल्या दिवसअखेर तो 652 वर होता, म्हणजे इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाचा 1899 पासूनचा 628 धावांचा विक्रम त्यानं रात्री झोपण्यापूर्वीच मोडला होता. वय पंधरा, वडील रिक्षाचालक. त्या आठवड्यात कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांतून पोरांना ‘बघ’ हा शब्द किती वेळा ऐकावा लागला असेल याचा हिशेब नाही. मुंबई क्रिकेट संघटनेनं त्याला महिना 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा आटल्या. 2017 मध्ये वडिलांनी संघटनेला पत्र लिहिलं की मुलाची कामगिरी होत नाही, तेव्हा ही रक्कम थांबवावी.

1009 धावांची बातमी जगभर छापून आली. त्या पत्राची बातमी त्यामानानं लहान होती आणि आपल्याकडच्या एकाही बापानं ती दाखवून मुलाला ‘बघ’ म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. पण मग स्वतःही बघावं लागलं असतं.

दुसरं टोक ठाण्यात सापडतं. 2023 च्या दहावीच्या निकालात तिथल्या एका मुलाला सगळ्या विषयांत बरोबर 35 गुण मिळाले. एकाही विषयात एक जास्त नाही, एक कमी नाही. इतका अचूक नेम अर्जुनालाही घाम फोडणारा. त्याचेही वडील रिक्षाच चालवतात. घरच्यांनी पोरगा पास झाल्याचा आनंद असा साजरा केला की वर्तमानपत्रं आणि वाहिन्या दारात आल्या. नव्वद टक्क्यांच्या घरांत त्या दिवशी ‘तीन टक्के कुठे गेले’ यावर चौकशी समित्या बसल्या होत्या. 1009 वाला बाप आणि 35 वाला बाप यांच्यात जास्त खूश कोण होता, हे ठरवणं अवघड आहे. प्रस्तुत लेखकाचं मत पस्तीसच्या बाजूनं पडतं, कारण तिथे धाकधूक जास्त होती.

बापांचा विषय निघालाच आहे तर या डोंबिवलीच्या बाबांबद्दलही सांगायला हवं. मुलांविषयीच्या अभिमानासाठी त्यांच्याकडे एकच शब्द आहे: ‘ठीक.’ सायकल शर्यतीत दुसरा आला, ठीक. दहावीला 88 टक्के, ठीक. दोन वर्षांपूर्वी थोरला ढोलपथकात गेला तेव्हा तर तेही मिळालं नाही. ‘हा धांगडधिंगा अभ्यासाच्या वेळेत नको’ एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. पाण्याची बाटली भरायला न उठणारा मुलगा कमरेला ढोल बांधून रोज संध्याकाळी तास-दोन तास सराव करू लागला. हाताला फोड आले. आई हळद लावायची आणि बाबा पेपरामागून ‘हं’ म्हणायचे.

गुढीपाडव्याची शोभायात्रा आता गावोगाव निघते, पण तिची सुरुवात झाली ती डोंबिवलीतच, 1999 मध्ये. एका पाडव्याच्या सकाळी थोरल्याचं पथक यात्रेत होतं. आई मैत्रिणींबरोबर कडेला उभी होती. बाबा म्हणाले होते, मला गर्दी सोसत नाही, मी घरीच थांबतो.

पुढचं सगळं मुलाला काही महिन्यांनी, एका लग्नात कळलं. बाबांच्या लोकलमधल्या ग्रुपमधले एक काका जिलबीच्या रांगेत त्याला भेटले आणि म्हणाले, ‘अरे, तूच ना तो ढोलवाला? तुझा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. एकदा नाही, कितीदा तरी. तुझा बाप मुलुंड आलं की मोबाइल काढतो. पथक पुढे गेलं तरी हा मागे मागे चालत शूटिंग करत होता म्हणे. हात हलतोय मधेच, पण बाकी झकास!’

‘कोण? बाबा?’ मुलगा म्हणाला.

घरी येऊन त्यानं हे कोणालाही सांगितलं नाही. धाकट्याला सांगितलं, धाकट्यानं आईला सांगितलं, आणि आईनं बाबांना सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘ठीक.’ दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावर ओला टॉवेल नव्हता. तो दाराच्या कडीवर होता. दोरीवर नव्हता, पण पलंगावरही नव्हता.

या सगळ्या व्यवहारात निरोप पोचवणाऱ्यांचं काम मोठं आहे आणि त्यांची संख्या कमी पडते आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सगळ्याच इमारतींत नसतात. तेव्हा वाचकहो, एवढं करा. तुमच्या जिन्यात, रिक्षाच्या रांगेत किंवा लोकलच्या दारात ओठांवर नुकती लव आलेला एखादा लांबोडका मुलगा कोणाची पिशवी उचलताना, म्हाताऱ्या माणसाला जागा देताना किंवा नुसता नीट बोलताना दिसला, तर त्याच्या आईला कळवा. ती ‘आमचा?’ म्हणून विचारेल. हो म्हणा आणि शर्टाचा रंगही सांगा, म्हणजे तिची खात्री पटेल. बापाला कळवलंत तर तो ‘ठीक’ म्हणेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फक्त मुलाला काही सांगू नका. त्याला अजून पुष्कळ सिलिंडर उचलायचे आहेत.